सात मिस्ड कॉल

फोन हमीदचाचांच्याच नंबरावरून आला होता. सकाळचे सव्वासहा, म्हणजे त्यांची ठरलेली वेळ. मी कंट्रोल रूममध्ये, एका हातात चहाचा कप, समोर रजिस्टर उघडं. "बोला चाचा, किती?" मी रोजच्यासारखं विचारलं. उत्तर आलं, पण आवाज खैरुनचाचींचा होता. "सात आले बाय... सातही आले. फोन यांच्या उशाशीच वाजत व्हता. हे न्हाय उठले." मला आधी काही उमगलंच नाही. वेड्यासारखी म्हटलं, "मग उठवा की त्यांना!" "उठवून झालं बाय," चाची म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झोपेतच गेले होते ते. कप तसाच टेबलावर ठेवला आणि रजिस्टरमध्ये 'सात' लिहिलं. का लिहिलं, कोण जाणे. हाताला सवय होती.

त्याला आता दोन महिने होत आले. पेपरच्या पुरवणीतले असे श्रद्धांजलीचे लेख मी नेमाने वाचते. त्यात माणूस गेला की एका दिवसात संत होतो, कधी कुणावर ओरडलेलाच नसतो. हमीदचाचा संत नव्हते, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. हट्टी होते, संशयी होते, डॉक्टरांनी बजावलं तरी चहात तीन चमचे साखर घालायचे आणि वर "दोनच घातली" म्हणून खोटं बोलायचे. मी पेणकडची, आगरी घरातली मुलगी. आमच्याकडे प्रेमाने बोलत असलो तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण पेटलं. त्यामुळे आमचं दोघांचं फार छान जमलं, म्हणजे रोज वाजलं.

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका टेकडीवर आमचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. नदीचं पाणी वर येतं, गाळलं जातं, त्यात क्लोरीन पडतं, आणि मग ते उतरत उतरत खाली समुद्रापर्यंतच्या वाड्यावस्त्यांना जातं. मी तिथे ऑपरेटर. नवीन कॉम्प्युटर बसला तेव्हाची गोष्ट. पंप चालू करायचा, क्लोरीन कमीजास्त करायचं, सगळं माऊसने व्हायचं. साहेबांना जिल्ह्याच्या ठिकाणी बसून बघता यावं म्हणून तो इंटरनेटला जोडलेला. आम्ही सगळे हरखून गेलो होतो. अशात एके दिवशी डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात फाईल, असे एक साठीचे गृहस्थ आत आले. "मुंबईवरून आलोय, सिस्टिम बघायची हाय." वॉचमनने सलाम ठोकला. मी खुर्ची दिली, चहा सांगितला, पासवर्ड विचारला तर तोही सांगितला. त्यांनी शांतपणे चहा संपवला, कप पालथा घातला आणि म्हणाले, "बाय, मी कोण, कुठला, कुणी पाठवला... एक तरी सवाल केलास काय? हे हेल्मेट मी बोर्लीच्या बाजारात घेतलंय." तेच आमचे नवीन सुरक्षा पर्यवेक्षक होते, कंत्राटावर नेमलेले, आणि त्यांचा तो पहिला दिवस होता. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही.

चाचा बोर्ली पंचतनचे. उमेदीची सगळी वर्षं आखातात गेली, समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या एका कारखान्यात. तिथे म्हणे दरवाजाचा पहारेकरी आणि कॉम्प्युटरवाला रोज एका टेबलावर जेवायला बसायचे, तसा नियमच होता. "चोर काय इचारून येतो, तू कॉम्प्युटरचा चोर का कुलपाचा? तो दोन्हीकडून येतो. आपणच दोघं एकमेकांशी बोलत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. आल्या आल्या त्यांनी कंट्रोल रूमची खिडकी बंद करायला लावली, कारण मागच्या टेकडीवरून मोबाईलने स्क्रीन टिपता येतो. त्या उकाड्यात खिडकी बंद! मी म्हटलं, "चाचा, पाणी सुरक्षित राहील, पण माणसं आत शिजतील." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा टेबलफॅन आणून लावला. खिडकी काही उघडू दिली नाही.

आणि मग ते सात नळ. पाण्यात क्लोरीन आहे का, हे बघायची एक छोटी बाटली असते. ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत ती बाटली असते आणि बहुतेक ठिकाणी कपाटात असते. चाचांनी जुन्या स्कूटरवरून सगळी लाइन पालथी घातली आणि सात बायका निवडल्या. टेकडीच्या पायथ्याची अंगणवाडीची बाई, शाळेत खिचडी शिजवणारी, मोहल्ल्यातली शिवणकाम करणारी, हरिहरेश्वराकडच्या एका लॉजवरची स्वयंपाकीण, आणि अगदी शेवटच्या नळावर कोळीवाड्यातली सुगंधा. प्रत्येकीला एक बाटली दिली. सकाळी पहिलं पाणी आलं की दोन थेंब टाकायचे, आणि पिवळं दिसलं की चाचांच्या मोबाईलला एक मिस्ड कॉल. बोलायचं नाही, उचलायचं नाही. सहापर्यंत सात कॉल आले की चाचा मला फोन करायचे, "सात," आणि ठेवून द्यायचे. आपल्या नवऱ्याला रोज पहाटे सात बायकांचे मिस्ड कॉल येतात म्हटल्यावर खैरुनचाची काय गप्प बसतात! "आल्या वाटतं माझ्या सवती," असं त्या चुलीपाशी बसून म्हणायच्या. मी तर पोट धरून हसायचे. "अहो चाचा, लाखामोलाचा कॉम्प्युटर पुढ्यात असताना मिस्ड कॉल कसले मोजता?" ते म्हणायचे, "कॉम्प्युटर तुला सांगतो तो काय करतोय. नळ सांगतो काय झालं."

आता जे लिहायचंय ते लिहिताना अजूनही कान गरम होतात. चार वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पंप, मोटारी, पाने-पकडी, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात आणि केंद्राचा दरवाजा दिवसभर उघडा. आजूबाजूची सगळी माणसं येतात, शिऱ्याचा प्रसाद घेऊन जातात. वर्षातून एक दिवस गावाला वाटतं की हे केंद्र आपलं आहे. त्या वर्षी मी कॉम्प्युटरलाही माळ घातली, हळदीकुंकू लावलं. चाचा म्हणाले, "बाय, एक फोटो काढ माझा याच्यासंगं, कुवेतला पोराला धाडतो." मी काढला. हातात शिऱ्याची वाटी, तोंडभर हसू, बाजूला माळ घातलेला कॉम्प्युटर. इतका झकास आला की मी स्टेटसला ठेवला, चाचांनी घरच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. फोटोत कॉम्प्युटरच्या खाली मी चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी होती. मागे चाव्यांचा बोर्ड होता, प्रत्येक चावीखाली माझ्या वळणदार अक्षरात कुठली चावी कशाची ते लिहिलेलं. खिडकी बंद ठेवणारा माणूस आणि खिडकीवरून भांडणारी मी, दोघांनाही ते दिसलं नाही. आम्हाला दिसली फक्त माळ.

तीन आठवड्यांनी नरकचतुर्दशी. बाकीचे सुटीवर, म्हणून पहाटेची ड्युटी मी घेतली होती. अभ्यंगस्नानाचा दिवस, पाण्याचा उपसा भरपूर. स्क्रीनवर सगळं हिरवं, क्लोरीनचा आकडा अगदी हवा तसा. सहाला दहा कमी असताना चाचांचा फोन आला. "बाय, चारच आलेत." मी म्हटलं, "चाचा, आज दिवाळी आहे, बायका उटण्यात असतील." ते म्हणाले, "ऐक. लांबचे चार आले, जवळचे तीन न्हाय आले. मी अंगणवाडीवालीला फोन केला. ती म्हणते, तीनदा थेंब टाकले, पाणी पांढरंच हाय. लांबच्या नळाला अजून कालचं पाणी पोचतंय. आजचं पाणी बिघडलंय. पाणी सोडायचा पंप बंद कर." माझा आवाज चढला. "स्क्रीनवर सगळं बरोबर आहे! दिवाळीच्या सकाळी पाणी तोडलं तर सगळा तालुका माझ्या नावाने बोंब मारेल, नोकरी जाईल माझी!" चाचांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "त्या पाण्यात पोरं आंघोळ करतायत, तोंडात जातंय त्यांच्या. मी निघालोय, पण मी पोचेपर्यंत तूच हायस तिथं." ...मी पंप बंद केला. माऊसकडे हात गेला, पण त्या स्क्रीनवर आता भरवसा वाटेना, शेवटी खाली जाऊन हातानेच बटण दाबलं.

पुढे उजाडल्यावर जे सापडलं ते ऐकून साहेबांनी डोक्याला हात लावला. कुणीतरी बाहेरून आमच्या कॉम्प्युटरात शिरून क्लोरीनचा पंप बंद केला होता. नुसतं तेवढंच केलं असतं तर लगेच भोंगा वाजला असता, कारण टाकीपाशी कुलूपबंद पेटीत क्लोरीन मोजणारं यंत्र आहे. म्हणून कुणीतरी ती पेटी चावीने उघडली होती आणि यंत्राची नळी एका बाटलीत बुडवून ठेवली होती. बाटलीत मोजून क्लोरीन घातलेलं पाणी. यंत्र बिचारं इमानाने त्या बाटलीतलं पाणी मोजत होतं, आणि मी हिरवा आकडा बघत बसले होते. कुलूप फोडलेलं नव्हतं. पुढे कळलं ते असं, खंडेनवमीच्या गर्दीत कुणीतरी बोर्डावरची नेमकी ती चावी काढली, साबणावर दाबून साचा घेतला आणि परत लटकवली. पावसाळ्यानंतरचं गढूळ पाणी, आणि दिवाळीत घराघरात माहेरवाशिणी नि लहान मुलं... कावीळ, जुलाब, काय काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही. पोलिसांनी पुढे दोघांना धरलं. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पण ते धरले जाण्याआधीचे आठ दिवस माझ्यासाठी वाईट होते. पासवर्ड बाहेर गेला कसा, याची चौकशी सुरू झाली आणि संशय आला वॉचमनवर. गरीब माणूस, त्या दिवशी दरवाजा त्याच्या ताब्यात होता. दोनदा त्याला चौकीवर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोबाईलमधले फोटो चाळताना मला तो फोटो दिसला. मोठा करून पाहिला. सहज वाचता येत होतं सगळं. मी फोटो पुसला. हो, पुसला. आमच्या घरात सरकारी नोकरीत लागलेली मी पहिली, वडिलांनी मिठागरात पाय सडवून मला शिकवलं, आणि हे असं जायचं? संध्याकाळी बोर्लीला चाचांच्या घरी गेले आणि ओटीवर बसून हमसून हमसून रडले. चाचांनी त्यांचा मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात तोच फोटो होता, मोठा केलेला. त्यांनाही दोन दिवसांपूर्वीच दिसला होता आणि तेव्हापासून ते जेवले नव्हते. "मी तुला बोललो काढ म्हणून," ते म्हणाले, "आणि धाडला पण मीच." मी म्हटलं, "चाचा, कुणाला कळणार नाही. माझ्याकडचा मी पुसलाय." त्यावर ते पहिल्यांदा माझ्यावर खरंच रागावले. "तुझा पुसलास, माझा पुसू, आणि वॉचमनला काय सांगू? त्याच्या पोरांना काय सांगू? बाय, तू पंप बंद केलास तेव्हा घाबरली व्हतीस, तरी केलास. हे पण तसंच करायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साहेबांपुढे उभे राहिलो. मी तोंड उघडायच्या आत चाचांनी फोटो टेबलावर ठेवला. "हसणारा म्हातारा मी हाय. चिठ्ठी माझ्या नाकाखाली व्हती, मला दिसली न्हाय." कंत्राटी माणूस, एका सहीने घरी बसवता आला असता. मी म्हटलं, चिठ्ठी माझी, अक्षर माझं, स्टेटस माझं. साहेबांनी तिथूनच चौकीवर फोन लावला. वॉचमन त्याच दिवशी सुटला. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, वर्षाची वेतनवाढ गेली. चाचांना राहू दिलं, कारण मिस्ड कॉलचं काय करायचं ते दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून पूजा बंद." तर चाचा लगेच, "न्हाय साहेब! पूजा बंद केलीत तर लोकांना केंद्र परकं होईल. परक्या जागेवर कोण नजर ठेवतंय? पूजेलाच कुलपं बदला."

तेव्हापासून आमची खंडेनवमी न्यारी असते. आदल्या दिवशी चाचा बोर्लीच्या बाजारातून नवी कुलपं आणायचे, दुकानदाराशी हुज्जत घालून. सकाळी जुनी कुलपं एका परातीत, नवी दुसऱ्या परातीत, आणि दोन्हींना झेंडू. पूजा झाली की एकीकडे चाचा कुलपं बदलणार आणि त्याच वेळी मी पासवर्ड बदलणार. दोन्ही एका दिवशी, एका वेळी. चाव्यांचा बोर्ड गेला कपाटात. फोटो काढायचा तर पायथ्याशी, फाटकाबाहेर. ब्राह्मण मंत्र म्हणतोय आणि टोपी घातलेले चाचा मांडी घालून कुलपात तेलाचे थेंब सोडतायत, हे दृश्य बघायला मुद्दाम माणसं यायची. मग शिरा. ईदला त्यांच्याकडून सांदणं यायची, दिवाळीला माझ्याकडून चकल्या. माझ्या चकल्या कडक होतात. "कुलूप फोडायला बऱ्या हायत," म्हणायचे आणि चार खायचे. बरी गेली ती वर्षं. खरं सांगायचं तर त्या नोटिशीनंतरच मला माझं काम आवडायला लागलं.

ते गेले त्या दिवशी ड्युटी सोपवून मी बोर्लीला पोचले, तर घरात बायकांची दाटी. कोपऱ्यात रडणारी एक बाई मला विचारते, "तू कितवा नळ?" मला क्षणभर कळेना. मग बघते तर त्या सातही जणी आलेल्या. इतकी वर्षं रोज सकाळी एकाच फोनवर वाजत होत्या, पण एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. अंगणवाडीवाली पहिला नळ, शाळेची तिसरा, सुगंधा सातवा. त्या एकमेकींना नळाच्या नंबराने ओळखत बसल्या होत्या, आणि चाची मधे. चाची म्हणाल्या, "बघ बाय, सगळ्या सवती एकदम आल्या." आणि तेवढ्या दुःखात सगळ्या हसल्या. मला वाटतं, चाचांना आवडलं असतं.

मी त्यांना कंट्रोल रूमचा नंबर लिहून दिला. उद्यापासून इथे मिस्ड कॉल द्यायचा. सगळ्या हो हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आमचा फोन वाजलाच नाही. मी तापले. सुगंधाला फोन केला तर ती म्हणे, "देला ना गो! चाचांला देला. त्यांचाच नंबर पाठ हाय." बाकीच्यांचंही तेच. मी ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात सव्वासहाला मोबाईल वाजला. चाची. "सात," म्हणाल्या आणि ठेवून दिला. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीमुळे त्या घराबाहेर पडत नाहीत. चाचांचा फोन चार्ज करून उशाशी ठेवतात, नमाज झाली की मोजत बसतात. साहेबांना मी सांगितलं, नंबर बदलायचा नाही. त्यांनीही हट्ट धरला नाही.

गेल्या आठवड्यात माझी सुटी होती आणि सहा वाजता चाचींचा फोन आला. "बाय, एक सवत कमी हाय आज. कोळीवाडा न्हाय आला." लगेच फोन लावून पाहिला. सुगंधाचा फोन बंद. केसही न विंचरता मी स्कूटर काढली, ती चाचांचीच, चाचींनी मला देऊन टाकलेली. डिकीत त्यांची बाटली अजून तशीच आहे. कोळीवाड्यात पोचले तर सुगंधा नळापाशी कपाळाला हात लावून. "मोबाईल टबान परला गो, बोंबलांच्या! मघापासून कोनाचा तरी फोन हुडकतंय." मी तिला काही बोलले नाही. नळ सोडला, ग्लास धरला, चाचांच्या बाटलीतले दोन थेंब टाकले. दोघीही ग्लासावर वाकून बघत होतो. पाणी हळूहळू पिवळं झालं.

मग माझ्या मोबाईलवरून चाचांचा नंबर लावला. एकदाच वाजू दिला आणि कापला. मिनिटभरात उलटा फोन आला. स्क्रीनवर नाव चाचांचंच. "बोला," मी म्हटलं, "किती?"

"आता सात," चाची म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.